अंक यंदा नेटवर आहे

माझ्या वडिलांनी माझं लिखाण कधी वाचलं नाही. त्यात दुष्टपणा नव्हता, नियम होता. ते मुख्याध्यापक. मिरजेजवळच्या एका गावातल्या शाळेत त्यांची हयात गेली आणि त्यातला निम्मा वेळ मुलांचे पेपर तपासण्यात गेला. हातानं लिहिलेला कागद पुढे आला की त्यांचा उजवा हात आपोआप लाल पेन शोधायला लागायचा. मी नववीत असताना एक गोष्ट लिहिली आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडूनसुद्धा पाहिली नाही. म्हणाले, "मी यात चुका काढीन आणि तू रडशील. छापून येऊ दे, मग वाचतो. छापलेलं मी मास्तर म्हणून वाचत नाही."

हे मात्र खरं होतं. छापलेलं वाचताना ते वेगळेच गृहस्थ व्हायचे. दिवाळी अंक हातात आला की मुखपृष्ठापासून शेवटच्या पानावरच्या लोणच्याच्या जाहिरातीपर्यंत काही सोडायचं नाही, मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, आणि वाचून झालं की त्या लेखकाबद्दल असं बोलायचं, जणू तो कालच आपल्याकडे जेवून गेला. मला त्या लेखकांचा हेवा वाटायचा. घरातल्या पोरीपेक्षा त्या परक्या माणसांना बाबांचा जास्त वेळ मिळत होता.

पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला लागले, विमा कंपनीतल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत फिरत जयपूरला पोचले. विद्याधर नगरात घर, एका कॉलेजात नोकरी, मुलगी शाळेत. आई गेल्यावर बाबांनी गावाकडचं घर बंद केलं आणि तेही आमच्याकडे आले. मुलीच्या घरी राहायचं म्हणून आधी फार अवघडले होते. मग त्यांनी गच्चीवरची उन्हाची जागा पकडली आणि हळूहळू संकोच गेला.

जयपुरात मराठी वाचायला मिळण्याची पंचाईत. म्हणून आम्ही काही मराठी घरांनी मिळून दिवाळी अंकांची भिशी चालवली होती. त्यात बँकवाले होते, आमच्यासारखे विमावाले होते, विद्यापीठातले एक प्राध्यापक होते आणि एक डॉक्टर जोडपं होतं. प्रत्येक घरानं एकच अंक घ्यायचा, पण दुसऱ्यापेक्षा वेगळा. पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत, चकल्यांच्या डब्याखाली दबून तो यायचा. मग दर रविवारी हा अंक त्या घरी, तो या घरी. असं करत करत होळीपर्यंत सगळ्यांचे सगळे अंक वाचून व्हायचे. पानांवर तेलाचे डाग असायचे, शब्दकोडं कुणीतरी आधीच सोडवलेलं असायचं आणि तेही चुकीचं. पण आमची थंडी त्यावर निघायची. बाबा आल्यापासून भिशीला शिस्त लागली होती. अंक रखडवणाऱ्या घराला ते स्वतः फोन करायचे आणि म्हणायचे, "अंकाचा आपल्याकडे मुक्काम वाढलेला दिसतो."

या सगळ्या वर्षांत मी लिहीत होते. पेपर तपासून झाले, स्वयंपाक झाला की लिहायचं, साफ प्रत करायची, झेरॉक्स घरी ठेवायची आणि मूळ प्रत पोस्टात टाकायची. परतही यायची ती पोस्टानंच. मी हात टेकले नव्हते, पण आशाही फारशी उरली नव्हती. आणि मग दोन हजारनंतरच्या त्या वर्षांपैकी एका वर्षी, ऐन पावसाळ्यात, पुण्याच्या एका जुन्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. गोष्ट घेतली होती. तो अंक बाबा मी जन्मायच्या आधीपासून वाचत आले होते.

मी गच्चीवर जाऊन सांगितलं. बाबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "यंदा आपल्या घराचा अंक तोच."

आता त्या गोष्टीबद्दल सांगायला हवं. ती आईची गोष्ट होती. नाव 'टेकवलेली सायकल'. माझी आई लग्नानंतर गावात सायकल चालवायची. त्या काळात, त्या गावात, नऊवारी नव्हे तरी पाचवारी नेसून, कॅरियरला भाजीची पिशवी लावून ती बाजारात जायची. मी लहान असताना एका संध्याकाळी शाळेतले सगळे शिक्षक आमच्याकडे चहाला बसले होते. आई सायकलवरून आली. बाबा हसत हसत म्हणाले, "या, या, सर्कस आली आमच्या घरी. तिकीट नाही हं, फुकट बघा." सगळे हसले. आईही हसली. तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि आत येऊन चहा ओतला. मी स्वयंपाकघरात होते, तिचा चेहरा मला दिसत होता. त्यानंतर ती सायकलवर बसली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघा दुखतो.

बाबांना हे आठवत नव्हतं. त्यांच्या लेखी तो एक विनोद होता, असे विनोद ते रोज करायचे. मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. आई गेल्यावर भांडून काय मिळणार? पण त्यांना ते कळावं असं मला फार वाटायचं. समोर बसून सांगणं मला जमणारं नव्हतं. आमच्या घरात असलं काही तोंडावर बोलायची पद्धतच नाही. छापून आलं असतं तर त्यांनी ते उन्हात बसून, एकट्यानं, त्या परक्या लेखकांना वाचायचे तसं वाचलं असतं. मी खाली कुकर लावत असते. ते पान त्यांच्यापुढे आलं असतं आणि मी तिथे नसते. मला एवढंच हवं होतं.

आणि वेळ कमी होता. बाबांची नजर मधोमध पुसली जात होती. उजव्या डोळ्यानं वाचणं केव्हाच थांबलं होतं, डावा भिंगाच्या मदतीनं चालत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "बाबूजी, जो पढ़ना है, अभी पढ़ लीजिए।"

कुणीही म्हणेल, मग टाइप करून, मोठ्या अक्षरात काढून द्यायची. सुचलं नव्हतं असं नाही. नवऱ्यानं तर दोनदा सांगितलं. मी बाबांना विचारलंही. ते म्हणाले, "माझ्या एकट्यासाठी छापून आणलेलं म्हणजे ते पत्र झालं. चार लोक वाचणार आहेत ते मला वाचायचंय. थोडी कळ काढ, दिवाळी आलीच आहे." मलाही तेच हवं होतं. पत्र आलं तर माणूस उत्तर द्यायला बसतो. गोष्टीला उत्तर द्यावं लागत नाही.

दिवाळी आली, अंक आला नाही. भिशीतल्या बाकीच्या घरांचे अंक येऊन पोचले. बाबा रोज विचारायचे, "पुण्याहून कुणी येतंय का?" शेवटी मी संपादकांना फोन लावला. गृहस्थ भलतेच खुशीत होते.

"अहो, तुम्हाला कळवायचंच राहिलं! अंक यंदा नेटवर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे छापील नाही. वेबसाइट केलीय. जाहिराती कुठे मिळतात आता मॅडम, कागद कुठे परवडतो? आणि अंक विकत घेतो कोण? सगळे नेटवरच बसलेले असतात. आता बघा, तुमची गोष्ट अमेरिकेत वाचतील, ऑस्ट्रेलियात वाचतील. तुम्ही एकदम ग्लोबल झालात!"

मी म्हटलं, "मला विद्याधर नगरात वाचायला हवी होती."

ते मनापासून हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. राग अंक बंद पडल्याचा नव्हता. धंदा आहे, पडतो बंद. राग या गोष्टीचा की त्यांनी मला त्याबद्दल वाईट वाटण्याचीही सोय ठेवली नव्हती. वर अभिनंदन केलं होतं.

आमच्याकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मुलीचा क्लास गोपालपुऱ्याला होता. तिथे एका रांगेत क्लास, दुसऱ्या रांगेत होस्टेलं आणि मधल्या गाळ्यांमध्ये सायबर कॅफे. मुलगी क्लासमध्ये गेली की मी तिथे बसले. बाजूच्या खुर्च्यांवर पोरं निकाल बघत होती, फॉर्म भरत होती. मी पत्ता टाइप केला. पडद्यावर आधी एक पणती आली, ती मिणमिणत राहिली. मग पान उघडलं. त्यावर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं आणि शेपट्या, मध्ये चौकोन, मध्ये प्रश्नचिन्हं, एका ओळीत पौंडाची खूण. मराठीचं एक अक्षर नाही.

कॅफेवाल्याला बोलावलं. त्यानं चष्मा वर करून पाहिलं. "मैडम, ये कौन-सी भाषा है?"

"मराठी."

"हमारे यहाँ हिंदी तो बराबर आती है।" मग तो जरा चाचरत म्हणाला, "आपने ही लिखा है?"

फॉन्ट उतरवून घ्यावा लागेल, एवढं त्यानं ओळखलं. पानाच्या तळाशी तसं लिहिलेलंही होतं, हे मला नंतर कळलं. पण तेही त्याच फॉन्टमध्ये! हे करणाऱ्या माणसाला भेटायची माझी फार इच्छा होती. कुलपाची किल्ली त्याच कुलपाच्या आत ठेवून तो निवांत घरी गेला होता. कॅफेवाल्यानं बाहेरचं काहीही उतरवायला साफ नकार दिला, व्हायरस येतो म्हणून. मी त्या चौकोनांचीच प्रिंट काढून घेतली. का, कोण जाणे. निदान हातात काहीतरी घेऊन घरी जावं असं वाटलं असेल.

बाबांनी तो कागद भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला. मला वाटलं, डोळे अजून बिघडले असं त्यांना वाटत असणार, म्हणून मी घाईनं म्हटलं, "बाबा, तुमचे डोळे नाहीत हो, कागदच तसा आहे."

"ते कळलं मला," ते म्हणाले. "यात तुझं नाव कुठलं?"

ते मलाही सांगता आलं नाही.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी भिशीचा फराळ होता, डॉक्टरांच्या घरी. खरं तर त्या दिवशी सगळ्यांनी आपापला अंक मध्ये ठेवायचा आणि फेरी ठरवायची. आमच्या घराच्या जागी ठेवायला काही नव्हतं. मी सगळ्यांना नेटचा पत्ता आधीच फोनवर सांगून ठेवला होता. आत पाऊल टाकलं, तर काय कौतुक! डॉक्टरीणबाईंनी तर मिठीच मारली.

"काय हसवलंस गं! आम्ही दोघं पोट धरून हसत होतो."

मी गोंधळले. त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं. एका ठिकाणी लोक हसतात, पण तिथे वाचणाऱ्यानं हसू नये अशी माझी अपेक्षा होती. तेवढ्यात बँकवाल्यांच्या बायकोनं माझा हात हातात घेतला. "माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं हो. फार करुण लिहिलंय तुम्ही." प्राध्यापक म्हणाले, "भाषेवर हुकमत आहे," आणि करंजी उचलली. मी एकीकडून दुसरीकडे बघत होते. एकीला हसू, दुसरीला रडू, तिसऱ्याला हुकमत! क्षणभर वाटलं, आपण फारच थोर काहीतरी लिहिलंय.

मग डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "पण नाव असं का गं ठेवलंस? सायकल तर शेवटपर्यंत येतच नाही. हे म्हणाले, प्रतीक असेल काहीतरी."

मी बशी खाली ठेवली. त्यांचा मुलगा अमेरिकेत, त्यानं येऊन फॉन्टबिंट सगळं बसवून दिलेलं होतं. मी म्हटलं, मला आत्ता दाखवा. आतल्या खोलीत आम्ही दोघी कॉम्प्युटरपुढे बसलो. पणती मिणमिणली. वर ठळक अक्षरात 'टेकवलेली सायकल', खाली माझं नाव, स्पष्ट, सुंदर, एकही चूक नाही. आणि त्याखाली, लग्नाच्या पंगतीत कवळी हरवलेल्या एका काकांची गोष्ट. जिलबीच्या पातेल्यात कवळी सापडते. चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण माझी नव्हती. अनुक्रमणिकेत कवळीची गोष्ट दुसऱ्याच एका लेखकाच्या नावावर होती. तिथे टिचकी मारली, तिथेही तीच कवळी. माझी गोष्ट कुठेच नव्हती.

बाहेर बँकवाल्यांची बायको पुन्हा भेटली, डोळ्यांत पाणी आलेली. तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन लावला. संपादक म्हणाले, "अरेच्चा! असं झालं होय? हेच तर नेटचं मोठेपण आहे. छापलेलं असतं तर चूक कायमची राहिली असती. इथे एका मिनिटात बदलून टाकू. वेबसाइट बघणारा मुलगा आला की लगेच."

तो मुलगा परीक्षेला गेला होता. मग गावाला गेला. मग त्यानं नोकरी धरली. मी दर आठवड्याला फोन करत होते आणि संपादक दर आठवड्याला मला नेटचं मोठेपण सांगत होते. कॉलेजात प्रयोगाच्या तासाला मुलींवर विनाकारण खेकसत होते मी. घरी बाबा भिशीतले बाकीचे अंक भिंगानं वाचत होते. आधी पान संपायला लागायचा तेवढ्या वेळात आता परिच्छेद संपत होता, आणि एक दिवस त्यांनी अंक न संपवता पुढच्या घरी पाठवून दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "यंदा फारसा दम नाही लेखकांत." मी त्यावर वाद घातला नाही. मला माहीत होतं, दम कशात राहिला नव्हता.

संक्रांतीनंतर, गच्च्यांवरचे पतंग उतरल्यावर, एकदाची गोष्ट बदलली. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन मी स्वतः खात्री केली. माझंच होतं सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मी भिशीतल्या घरोघरी फोन केले. जे माझ्या स्वभावात नाही ते केलं, लोकांना सांगितलं की माझी गोष्ट वाचा.

"वाचली की, दिवाळीतच."

"ती माझी नव्हती हो. चुकून दुसऱ्याची लागली होती."

"असू दे, पण छान होती."

मी डोकं फोडून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. एकानंही पुन्हा उघडली नाही. का उघडतील? त्यांच्या लेखी ते काम होऊन गेलं होतं. अंक घरात असता तर कुणाच्या तरी हाताला लागला असता. दुपारी झोप येईना म्हणून, पाहुणे येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून, कुणीतरी ते पान उलटलंच असतं. नेटवर मुद्दाम जावं लागतं, आणि मुद्दाम जावं एवढी मी कोण? मला लोकांचा राग येत होता आणि तो चुकीचा आहे हे कळत होतं, त्यामुळे अजून जास्त येत होता. त्याच महिन्यात प्राध्यापकांनी सुचवलं की पुढच्या वर्षी भिशी कशाला, आता सगळं नेटवरच येणार. कुणी विरोध केला नाही. मीही केला नाही. माझ्या घरानं त्या वर्षी अंक दिलाच नव्हता, मी कुठल्या तोंडानं बोलणार?

बाबांचा डावा डोळा होळीच्या आसपास गेला. म्हणजे दिसायचं, दारात कुणीतरी उभं आहे हे कळायचं, कोण ते बोलल्यावर कळायचं. वाचणं संपलं. भिंग त्यांनी स्वतःच कपाटात ठेवून दिलं. मी म्हटलं, निदान पडद्यावर अक्षर मोठं करता येतं, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, एकदा बघा. त्यांना हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. मी पत्ता टाइप केला. पणती आली नाही. पाठीला पिशवी अडकवलेली एक गोरी, हसरी मुलगी आली. तिच्या बाजूला इंग्रजीत विमानाची तिकिटं, कर्जं आणि वजन उतरवण्याचे उपाय. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तीच पोरगी. संपादकांना तिथूनच फोन केला. म्हणाले, वेबसाइटचं नाव वर्षापूर्वीच घेऊन ठेवलं होतं, ते चालू ठेवायला दर वर्षी काहीतरी भरावं लागतं, ते राहून गेलं वाटतं. आणि आता पुढे चालवायचाही विचार नाही, थकलो मॅडम. या वेळी ते हसले नाहीत. मला त्यांच्याशीसुद्धा भांडता आलं नाही.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. बंद झालंय."

परतताना रिक्षात, घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "झेरॉक्स आहे ना तुझ्याकडे? तूच वाचून दाखव आता."

गच्चीवर ऊन नको झालेलं होतं, म्हणून आम्ही जिन्याजवळच्या सावलीत बसलो. बाबा खुर्चीत ताठ, हात मांडीवर, मान किंचित वाकडी करून. शाळेत तपासणीला साहेब आले की ते असेच बसायचे. मी वाचायला सुरुवात केली. माझ्याच अक्षरातली माझीच गोष्ट, मला वाटलं होतं जमेल. आईची सायकल आली, कॅरियरची पिशवी आली, बाजार आला. बाबा मध्ये हसले. "गवारी," ते म्हणाले, "कायम गवारी आणायची." मी पुढे वाचत गेले. शिक्षक चहाला बसले. पान संपलं.

पुढचं पान मी उलटलं. त्यावर ते वाक्य होतं, त्यांचं, त्यांच्याच शब्दांत. मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. त्यांना मी नीट दिसत नव्हते, पण मला ते दिसत होते. म्हातारे, ऐकायला उत्सुक, गवारीच्या आठवणीनं खूष झालेले. मी ते पान खाली सरकवलं आणि त्याच्या पुढच्यावरून वाचायला लागले. सायकल भिंतीला टेकलेली आहे, चाकांतली हवा गेलीय, पावसात साखळी गंजलीय. शेवटपर्यंत वाचलं. आवाज बरा होता माझा.

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. बाबांनी त्याचा आवाज लांब जाऊ दिला. मग म्हणाले, "चांगली लिहिलीस. तुझी आई अगदी समोर उभी केलीस." आणि थोड्या वेळानं, "पण एक लागलं नाही मला. तिनं सायकल सोडली का?"

"आहे ते गोष्टीत," मी म्हटलं.

"आहे? मग मला कसं नाही कळलं?"

ते पान माझ्या मांडीवर होतं, सगळ्यात खाली. बाबा वाट बघत होते. चौथीतल्या मुलानं उत्तर द्यावं म्हणून मास्तर थांबतात तसे, अगदी शांतपणे. मी मांडीवरची पानं सारखी करत बसले.

"असू दे," शेवटी तेच म्हणाले. "ऐकण्यात सुटलं असेल माझ्या. छापून आली की कुणाकडून तरी वाचून घेईन. मग तुला विचारायला नको."